रोज दिसणाऱ्या पण कधीच न बोललेल्या माणसांशी मुलांनी ओळख करावी, यासाठी आपण काय करू शकतो?

नवी_पेठ_अभ्यासिका

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, पण वाचा आणि काही सुचलं तर नक्की सांगा.

आम्ही पुण्यात नवी पेठेत एक छोटी अभ्यासिका चालवतो, शास्त्री रोडपासून दोन गल्ल्या आत. बीड, लातूर, परभणी, धुळे, सोलापूर, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी सकाळी सहाला येऊन बसतात ती रात्री अकरालाच उठतात. सगळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, राज्यसेवेवाले आहेत, कंबाईनवाले आहेत, सरळसेवा, बँकिंग, सगळेच. मुलं गुणी आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मला खटकतं ते असं, की शेजारशेजारच्या खुर्चीवर वर्ष वर्ष बसणाऱ्या मुलांना एकमेकांचं नाव माहीत नसतं. चेहरा माहीत असतो, बाटली कुठल्या रंगाची ते माहीत असतं, दुपारी कोण किती वाजता जेवायला उठतो ते माहीत असतं, कोण गावाला गेलाय ते रिकाम्या खुर्चीवरून कळतं, पण नाव नाही. मध्यंतरी एक मुलगा बरेच दिवस आला नाही. शेजारच्याला विचारलं तर म्हणाला, काकू तो निळ्या बॅगवाला ना, हो, दिसला नाही खरा. नंतर कळलं की तो रूमवर तापाने फणफणून पडला होता, रूम पार्टनर गावी गेलेला, डबा दारातच पडून राहायला लागला तेव्हा डबा टाकणाऱ्या पोरालाच शंका आली, त्याने दार वाजवलं आणि त्यानेच दवाखान्यात नेलं. आता मुलगा ठणठणीत आहे. पण माझ्या मनातून ते जात नाहीये, कारण त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताला बसणारी दोन्ही मुलं त्याच गल्लीत राहतात. चार पावलांवर. त्यांना त्याची काळजी नव्हती असं अजिबात नाही हो, कळल्यावर दोघंही कावरेबावरे झाले, एक तर लगेच फळं घेऊन गेला. पण आपण जाऊन चौकशी करावी इतकी आपली ओळख आहे का, हेच त्यांना कळत नव्हतं.

आणि हे काही अभ्यासिकेपुरतं नाही ना. त्याच मेसमध्ये समोरासमोर बसून जेवतात, त्याच अमृततुल्यवर उभं राहून चहा पितात, त्याच स्टॉपवर थांबतात, प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. घरापासून इतक्या लांब आलेली मुलं, त्यांना इथे कोणीतरी नावाने हाक मारणारं असावं असं मला फार मनापासून वाटतं.

तर माझा प्रश्न असा की त्यांना बोलतं कसं करायचं? सगळ्यांना गोल बसवून "आपापली ओळख करून द्या" असला कार्यक्रम मला करायचा नाहीये, त्याने मुलं अजून आखडतात. आमच्या ह्यांचं म्हणणं की मुलं शांततेचे पैसे देतात, आत गप्पांचा अड्डा झाला तर ते योग्य नाही, आणि ते बरोबरच आहे. मग काय करावं? कोणी केलंय का असं काही?

मानसशास्त्र_शिकवते

ताई, तुम्ही जे बघताय ना त्याचा अभ्यास फार पूर्वी झालाय आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे म्हणून सविस्तर सांगते. स्टॅनली मिलग्रॅम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर लिहिलं होतं. त्याच्या विद्यार्थ्यांनी सकाळी न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले, प्रत्येक चेहऱ्याला नंबर दिला, आणि पुढच्या आठवड्यात तेच फोटो त्याच प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना वाटून विचारलं की यातलं कोण कोण तुम्हाला ओळखीचं वाटतं. शंभरातल्या जवळजवळ नव्वद जणांनी निदान एक तरी असा चेहरा दाखवला की जो ते रोज बघतात पण कधी बोललेले नाहीत. असे चेहरे सरासरी चार निघाले, आणि ज्यांच्याशी बोलणं होतं अशी माणसं सरासरी दीड. आपली मुलं आणि त्यांचे मोबाईल यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही, म्हणून सगळा दोष स्क्रीनला देऊन आपण मोकळे होऊ नये असं मला वाटतं.

यातलं महत्त्वाचं पुढे आहे. मिलग्रॅमचं निरीक्षण असं की हे न बोलणं म्हणजे दोघांचं काही नातंच नाही असं नसतं, ते दोघांनी मिळून पाळलेलं एक नातं असतं, तू मला बघतोस मी तुला बघतो आणि आपण दोघंही बोलत नाही. आणि जितके जास्त दिवस असे जातात तितकं पहिलं वाक्य बोलणं अवघड होऊन बसतं, कारण मग "इतके दिवस का नाही बोललो" याचंही ओझं त्या वाक्यावर येतं. तुमच्या त्या दोन मुलांचं नेमकं हेच झालंय. मुलं माणूसघाणी आहेत म्हणून नाही, वर्ष उलटून गेलं म्हणून अवघड झालंय.

म्हणून माझा पहिला सल्ला, जे करायचं ते नवीन मुलगा येतो त्या दिवशीच करा. फी घेताना, सीट दाखवताना तुम्ही स्वतः त्याला घेऊन जा आणि डावीकडच्या-उजवीकडच्याला सांगा, हा अमुक, परभणीहून आलाय, मेस शोधतोय, तुम्ही कुठे जेवता ते याला सांगा. बस. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या दिवशी ते कोणालाच अवघड वाटत नाही, महिन्याभराने वाटेल.

दुसरी गोष्ट जागा. अशी माणसं नेहमीच्या जागेपासून लांब भेटली की पटकन बोलतात असंही त्याने लिहिलंय. आपल्याकडे बघा ना, पीएमटीत रोज समोर बसणारा माणूस सिंहगडावर झुणका-भाकर खाताना दिसला तर आपण आपणहून "अरे तुम्ही इथे!" म्हणतो. म्हणजे खोलीतल्या शांततेला हात लावायची गरजच नाही, खोलीबाहेर काहीतरी घडू द्या.

आणि संकटाचं म्हणाल तर माणसं तेव्हा लगेच जवळ येतात. मिलग्रॅमने ब्रुकलिनमधल्या एका बाईची हकीकत दिलीय, ती रस्त्यात कोसळली, आणि तिला वर्षानुवर्षं नुसतं येता-जाता बघणारी, कधीही न बोललेली दुसरी बाई तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलपर्यंत गेली, नंतर म्हणाली की इतकी वर्षं बघतेय तिला, माझी जबाबदारीच होती. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा माझी बहीण तिथेच होती, लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या आई-वडिलांना पाठीवर घेऊन जिने चढत होती. फक्त तुमचा तापाने पडलेला मुलगा कोणाच्या डोळ्यासमोर कोसळला नाही ना, तो बंद दाराआड होता. तिथे आधीची ओळखच लागते, दुसरं काही चालत नाही.

जाता जाता, जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल आला त्यात १३ ते २९ वयाच्या मुलांमध्ये १७ ते २१ टक्के मुलांनी एकटं वाटतं असं सांगितलंय. तुमच्या एका हॉलमध्ये किती खुर्च्या आहेत त्यावरून हिशोब करा. कोणी मुलगा फारच मिटलेला वाटला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दाराशी लावून ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

वारजे_हिंजवडी

वरचं वाचून खूप बरं वाटलं. मी मनोवैज्ञानिक वगैरे नाही, आयटीत आहे, पण ह्या विषयावर माझं मत फार ठाम आहे कारण मी रोज हायवेवरून हिंजवडीची बस पकडतो आणि आमच्या बसमध्ये हे घडलेलं मी बघितलंय.

शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल ट्रेन आणि बसच्या प्रवाशांवर एक प्रयोग केला होता, २०१४ ला छापून आला. काही जणांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प एकटे बसा. आधी लोकांना विचारलं तर सगळ्यांना वाटत होतं की एकटं बसलेलंच बरं जाईल, प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त छान गेला. आणि लोक गप्प का बसतात तर प्रत्येकाला वाटत असतं की समोरच्यालाच बोलायचं नाहीये. दोन्ही बाजूंनी हेच. मला तर हे वाचून आमची बसच डोळ्यासमोर आली, पन्नास माणसं, पन्नास हेडफोन आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीच्या एकोणपन्नास जणांना बोलायचं नाहीये.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एक आमचा स्टॉपवरचा माणूस, माझ्याच वयाचा, रोज दिसायचा. मी एवढंच विचारलं की मागची गेली का हो. तो म्हणाला गेली, पण लगेच एक मोकळी येते मागून, त्यात बसा. पुढच्या दिवशी त्यानेच हात केला. काही दिवसांनी मी माझं नाव सांगितलं, मग त्याने त्याचं. सुरुवात नेहमी समोरच्याला माहीत असलेलं काहीतरी विचारून करावी असं मी सगळ्या नवीन पोरांना सांगतो, बस कधी येते, इथे झेरॉक्स कुठे मिळते, हा डबा कुठून लावलाय. माणसाला मदत करायला आवडतं हो. आणि नाव विचारायच्या आधी आपलं नाव सांगायचं, म्हणजे ते चौकशीसारखं वाटत नाही. आज आम्ही त्या स्टॉपवरचे आठ-दहा जण आहोत, बस बंद पडली की एकमेकांना फोन करतो, एकाच्या वडिलांना रक्त लागलं तेव्हा आमच्यातलेच तीन जण गेले. मैत्री म्हणजे रोज घरी जाणं-येणं असं काही नाही, आणि तेवढं असायची गरजही नाही.

अजून एक, दुकानदार, कंडक्टर, चहावाले यांना विसरू नका. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांचा २०१४ चाच प्रयोग आहे, कॉफीच्या दुकानात काही गिऱ्हाइकांना सांगितलं की देणाऱ्याकडे बघून हसा, दोन शब्द बोला, आणि काहींना सांगितलं पटकन घ्या आणि निघा. बोललेल्यांना बाहेर पडताना जास्त छान वाटत होतं, आपण इथले आहोत असं वाटत होतं. गावाहून आलेल्या मुलाला पुण्यात हेच तर वाटत नसतं! अमृततुल्यवर स्कॅन करून पैसे टाकतो, स्पीकरमधून बाई बोलते इतके रुपये मिळाले, आणि आपण एक शब्दही न बोलता चहा घेऊन बाजूला. तेवढा एक शब्द बोलायला काय जातं, "काका आज आलं जास्त टाकलंय वाटतं, मस्त झालाय." पोरांना ही सवय लावली तरी खूप झालं.

कोथरूड_डेपो

सगळं पटतंय पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाहीये म्हणून मी लिहिते. मी चोवीस वर्षांची आहे, पीजीत राहते. मुलींना "बोला, हसा, ओळख करा" असं सरसकट सांगू नका प्लीज. स्टॉपवर रोज दिसणाऱ्या माणसाकडे बघून एकदा हसलं की तिसऱ्या दिवशी इन्स्टावर रिक्वेस्ट येते आणि आठव्या दिवशी तो आपल्या स्टॉपवर उतरायला लागतो, हे माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झालंय. त्यामुळे मुली हेडफोन लावतात ते गाणी ऐकण्यासाठी असतंच असं नाही, कित्येकदा त्यात काही चालूच नसतं.

पण म्हणून मुलींनी कोणाशीच बोलू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मला तर वाटतं की मुलींना अशा ओळखींची जास्त गरज आहे. फक्त सुरुवात कुठून करायची ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मी बसमध्ये लेडीज सीटवर रोज भेटणाऱ्या काकूंपासून केली, फक्त बायकांची तेजस्विनी बस मिळाली तर अजूनच सोपं, तिथे आपोआप बोलणं होतं. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी, मग पीजीच्या खाली इस्त्रीची गाडी लावणारे काका. एकदा रात्री एक माणूस डेपोपासून मागे मागे यायला लागला. मी रूमकडे वळलेच नाही, सरळ इस्त्रीवाल्या काकांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं काका माझे कपडे झाले का. माझे कपडे नव्हतेच त्यांच्याकडे. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागे बघितलं आणि म्हणाले, बस गं बाळा, देतो. आणि इस्त्री तशीच ठेवून उठून पुढे जाऊन उभे राहिले. तो माणूस निघून गेला. काकांना मी फक्त नावाने माहीत होते, नाव आणि रोजचं "जेवलीस का", बास, पण तेवढ्यावरच त्यांना माझ्या आवाजावरून कळलं की काहीतरी बिनसलंय. ११२ नंबर माझ्या फोनमध्ये आहेच, पण काका वीस फुटांवर होते.

काकू, तुमच्या अभ्यासिकेसाठी माझं सांगणं एवढंच की मुलींची ओळख आधी मुलींशी करून द्या, त्यांना नको असेल तर सीटवर नाव वगैरे लावू नका, आणि कोणाचाही फोन नंबर तुम्ही परस्पर देऊ नका. एकटी राहतेस का, रूम कुठे, हे प्रश्न पहिल्या भेटीत कोणी विचारले तर उत्तर द्यायचं नाही हेही नवीन मुलींना सांगा. आणि मुलांशी पण बोला ना! ओळख करायला शिकवताना समोरची नको म्हणाली किंवा नुसती गप्प राहिली तर तिथेच थांबायचं, मागे लागायचं नाही, तोंड पण पाडायचं नाही, हे पण शिकवावं लागतं. ते कोणी शिकवतच नाही त्यांना.

नवी_पेठ_अभ्यासिका

बाळा, तुझं एकेक वाक्य बरोबर आहे. मुलींच्या रांगेचं मी वेगळंच बघीन, आणि नंबरचं तर पक्कं लक्षात ठेवते. मुलांशी बोलायचं काम ह्यांच्यावर सोपवते, त्यांचं ऐकतात मुलं. त्या इस्त्रीवाल्या काकांना माझा नमस्कार सांग.

टेकडीकर_७१

मी वयाने इथे बहुतेक सगळ्यात मोठा असेन, म्हणून मोठ्यांना उद्देशून लिहितो. तरुण मुलं बोलत नाहीत असं आपण म्हणतो, पण आपण त्यांच्याशी काय बोलतो ते कधी ऐकलंय का? पहिला प्रश्न आडनाव काय. दुसरा मूळचे कुठले. तिसरा काय करतोस, पॅकेज किती. चौथा लग्नाचं काय. आडनाव कशासाठी विचारलं जातं ते मुलांना चांगलं कळतं, आणि ज्या मुलाला त्या प्रश्नाचा आयुष्यभर त्रास झालाय तो पुन्हा आपल्याजवळ उभा राहणार नाही, का राहावं त्याने? पुण्यात रूम शोधताना ही पोरं काय काय ऐकून आलेली असतात ते मला माहीत आहे. आडनावाशिवायही ओळख होते, उत्तम होते.

मी बरीच वर्षं डेक्कन क्वीनचा पासवाला होतो. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, दर १ जूनला आम्ही तिचा वाढदिवस करायचो, अजूनही करतात. त्या डब्यात साहेब, कारकून, वकील, कारखान्यातला फिटर, सगळे शेजारी बसायचे आणि नवीन पास काढलेला मुलगा आला की त्याला कोणीतरी सरकून जागा द्यायचं. तेवढ्याने सुरुवात व्हायची. कोणी मुद्दाम मैत्री करत नव्हतं, रोज तीच गाडी तोच डबा असल्याने ती मुरत जायची, लोणच्यासारखी. तेव्हा मुलांना सांगायचं असेल तर हे सांगा की वेळ आणि जागा बदलू नका. त्याच वेळी त्याच टपरीवर जा. आज इथे उद्या तिथे केलं तर कोण कोणाला ओळखणार.

आता मी रोज सकाळी तळजाई टेकडीवर जातो. तिथे पोलीस भरतीची मुलं पळायला येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मी कितीतरी दिवस त्यांना नुसता बघायचो, तेही मला बघायचे. एकदा एक मुलगा पळता पळता मोबाईलवर वेळ लावायची धडपड करत होता, मी म्हटलं दे इकडे, मी धरतो वेळ, तू पळ. झालं. तेव्हापासून माझ्या खिशात स्टॉपवॉच असतं. मुलं आली की "आजोबा तयार का" विचारतात, एका मुलीची वेळ चार-पाच सेकंदांनी कमी झाली की ती आधी मला येऊन सांगते, मग घरी फोन करते. मला त्यांची नावं माहीत आहेत, आडनावं बऱ्याच जणांची माहीत नाहीत. पाऊस असला आणि मी गेलो नाही तर दुपारी एक तरी फोन येतो, आजोबा बरे आहात ना. माझा मुलगा परदेशात आहे, त्यालाही त्यामुळे किती धीर वाटतो ते तोच सांगेल.

तेव्हा ताई, उपदेश करू नका, त्यांच्या कामातलं एखादं छोटं काम आपल्या हातात घ्या. बोलणं मागून येतं.

प्लॅन_बी_वाला

काकू नमस्कार. मी तुमच्याच भागात पाच-सहा वर्षं होतो, पोस्ट निघाली नाही, आता एका सहकारी बँकेत आहे. आतून कसं वाटतं ते सांगतो कारण बाहेरच्यांना ते समजत नाही.

मुलं बोलत नाहीत त्याचं एक कारण म्हणजे शेजारचा पण त्याच जागांसाठी बसलाय. कोणी उघड म्हणणार नाही पण मनात असतं. आणि दुसरं, बोलायला लागलं की पहिला प्रश्न येतो कितवा अटेम्प्ट. तो प्रश्न नको म्हणून मुलं नजर चुकवतात. आजोबांनी आडनावाचं लिहिलं ना तसंच आमच्याकडे अटेम्प्टचं आहे. नवीन पोरांना सांगा की हा प्रश्न विचारायचा नाही, समोरच्याने आपणहून सांगितला तर ऐकायचा.

माझ्या मनात कायम राहिलेली गोष्ट निकालाच्या दिवसाची आहे. यादी लागते, सगळे मोबाईलमध्ये आपलं नाव शोधतात. शेजारच्याचं नाव शोधावं असं वाटतं पण शोधणार कसं, नावच माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी. आता तो पोस्ट मिळून गेला की कंटाळून गावी गेला, काहीच कळत नाही. इतके महिने ज्याच्या कोपराला कोपर लावून बसलो त्याचं पेढा खाऊन अभिनंदन पण करता येत नाही आणि खांद्यावर हात पण ठेवता येत नाही. हे फार वाईट वाटतं हो.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून शास्त्री रोडवर मुलं आंदोलनाला बसली होती, मी तेव्हा नोकरीला होतो पण रात्री मित्रांसाठी गेलो. तिथे मी बघितलं की एकाच अभ्यासिकेतली, एकाच मजल्यावरची पोरं रस्त्यावर बसून पहिल्यांदा एकमेकांना नाव सांगतायत, एकाच बाटलीतलं पाणी पितायत. परीक्षा पुढे ढकलली गेली, पोरं परत आत जाऊन बसली, पण ज्यांची ओळख त्या रात्री झाली ते अजून भेटतात.

आणि प्लॅन बी चं, म्हणजे पोस्ट नाही निघाली तर धरायच्या दुसऱ्या वाटेचं पण सांगतो. मला बँकेतली जागा निघालीय हे सांगणारा माझा जिगरी मित्र नव्हता, मेसमध्ये नेहमी समोरच्या बाकावर बसणारा एक जण होता ज्याच्याशी नुसतं "आज भाजी काय" एवढंच बोलणं व्हायचं. नंतर वाचलं की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अभ्यासकाने १९७३ मध्ये हेच दाखवलंय, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर नेहमी भेटणारा असं सांगणारे सहापैकी एकच, बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. कारण साधं आहे, आपल्या जिगरी मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. पालक विचारतात ना गप्पांचा काय उपयोग, त्यांना हे सांगा.

एकच विनंती, काही मुलांना खरंच नसतं बोलायचं आणि परीक्षा महिन्यावर आली की कोणालाच नसतं. त्यांना तसंच राहू द्या. नुसतं नाव माहीत असलं तरी पुष्कळ आहे.

नवी_पेठ_अभ्यासिका

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी ह्यांना पण वाचून दाखवलं. निकालाचं वाचताना तर दोघंही थांबलो.

आता ठरवलंय ते असं. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी मीच त्याला शेजाऱ्यांकडे घेऊन जाणार, मुलींना मुलींकडे. अटेम्प्ट आणि आडनाव दोन्ही विचारायचं नाही, हे मी पण पाळणार, कारण फॉर्म भरताना ते मला दिसतंच, पण तोंडाने बोलायचं नाही. आणि खाली पार्किंगमध्ये दोन बाकं टाकून संध्याकाळी मोठ्या थर्मासमध्ये चहा ठेवायचा विचार आहे, ज्याला यायचं त्याने यावं, आपला कप आपण धुवावा. वरती शांतता तशीच राहील. ह्यांनी आजच बाकांची चौकशी केली. आणि कोणी दोन दिवस दिसलं नाही तर शेजारच्यालाच पाठवणार, जा रे बघून ये म्हणून.

प्लॅन_बी_वाला, तू इथे राहिलेला आहेस म्हणून तुलाच विचारते, साडेपाचला चहा ठेवला तर चालेल का?

प्लॅन_बी_वाला

साडेपाच नको काकू, साडेचारला ठेवा. दुपारी जेवून आल्यावर सगळ्यांना झोप येत असते तेव्हा तसेही सगळे खाली उतरतात, साडेपाचला परत लिंक लागलेली असते, कोणी उठणार नाही. आणि साखर वेगळी ठेवा. मी शनिवारी येतो, मधल्या वेळी दोन तास मोकळा असतो, बाकं उचलून लावायला एक माणूस होईल.